जुना राउटर घ्यावा का? आधी तो कुठे बसणार ते ठरवा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाला देतोय ते कळेल. चिपळूणजवळ जांभ्याच्या भिंतींचं कौलारू घर. स्थानिक ऑपरेटरची १०० एमबीपीएसची फायबर लाइन. ऑपरेटरने दिलेला वायफायवाला ओएनयू (फायबरमधून आलेलं नेट घराला देणारा डबा) पडवीत, दाराच्या वर ठोकलेला. ओटीवर नेट झकास, माजघरात कसंबसं, आणि मागच्या खोलीत, जिथे मुलगी कामाला बसते, तिथे साधा व्हॉट्सअॅप कॉलही तुटतो. मुंबईचे एक ओळखीचे त्यांचा जुना राउटर, टीपी-लिंक आर्चर सी७, विकायला काढतायत, ९०० रुपये म्हणतात. नवा घ्यायचा तर दोन-अडीच हजार. एवढी जुनी वस्तू घेऊन पस्तावणार तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरी जिल्ह्यात घरं, शाळा, लहानसहान लॉज यांच्या नेटची कामं करतो. जुने राउटर मी बसवतो, आणि काही ठिकाणी बसवायला साफ नकारही देतो. हो म्हणायचं की नाही हे मी राउटरच्या वयावरून कमी आणि तो कुठे बसणार यावरून जास्त ठरवतो. तुमच्या वर्णनावरून हा सी७ ओएनयूच्या मागे, घराच्या आत बसणार आहे. तसं असेल तर घ्या, खाली सांगतो त्या अटींवर. पण तो थेट लाइनवर, इंटरनेटच्या तोंडावर बसवायचा असेल तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

आपण ज्याला राउटर म्हणतो तो डबा मुळात दोन कामं करतो. लाइनवरून आलेलं नेट घरात वाटायचं आणि बाहेरून येणाऱ्याला दारात अडवायचं, हे एक. वायफाय सोडायचं, हे दुसरं. तुमच्याकडे पहिलं काम ओएनयू करतोय आणि ओटीवर झकास चालतंय म्हणजे बरं करतोय. अडलंय ते दुसरं, आणि त्यातही दोष डब्याचा नाही, भिंतींचा आहे. जांभ्याची जाड भिंत, त्यात पावसाळ्यात मुरलेली ओल. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय अशी एक भिंत जेमतेम ओलांडतं, २.४ गिगाहर्ट्झचं त्याहून थोडं पुढे जातं. मध्ये लोखंडी कपाट किंवा मोठा आरसा आला तर तेही विसरा. म्हणून चार अँटेनांचा ‘पॉवरफुल’ राउटर पडवीत टांगून मागची खोली उजळेल ही आशा ठेवू नका. राउटरने कितीही जोरात सिग्नल फेकला तरी फोनला उलट उत्तर द्यावं लागतं, आणि फोनचा रेडिओ आहे तेवढाच राहतो. फोनवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि पान उघडत नाही, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं.

पैसे काढण्याआधी एक तपासणी करा. लॅपटॉपला लॅन केबल लावून ती थेट ओएनयूच्या लॅन पोर्टला जोडा, वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. ९०-९४ च्या आसपास आलं तर लाइन ठणठणीत आहे. ३०-४० आलं, किंवा संध्याकाळी आठनंतर कोसळलं, तर दुखणं ऑपरेटरकडे आहे आणि तुम्ही कुठलाही राउटर आणलात तरी ते तसंच राहणार. दुसरी चाचणी मागच्या खोलीतून वायफायवर करा. लॅपटॉपच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ओएनयूच्या पत्त्याला, बहुधा १९२.१६८.१.१ ला, पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) लावून मिनिटभर आकडे पाहत बसा. घरातल्या घरात उत्तर दोन-पाच मिलीसेकंदात यायला हवं. तिथेच २००-३०० दिसत असतील किंवा मधूनच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येत असेल, तर गडबड घरातच आहे याचा पुरावा मिळाला.

तसंच निघालं तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ओएनयूच हलवणं. आपल्याकडे वायरमन शिडी जिथे टेकते तिथे डबा ठोकतो आणि मोकळा होतो. पडवी हे वायफायसाठी घरातलं सगळ्यात वाईट ठिकाण, कारण निम्मी रेंज अंगणातल्या माडांना मिळते. ऑपरेटरला सांगून फायबर आत माजघराच्या वरच्या बाजूला ओढून घेतलीत तर कदाचित मागच्या खोलीपर्यंत एकच भिंत उरेल. फायबर बोटाएवढ्या भोकातूनही जाते, फक्त तिला काटकोनात वाकवू देऊ नका. एवढ्यावर भागलं तर सी७ वगैरे सगळा विषयच मिटतो. भागेल की नाही, हे तुमच्या घराच्या आखणीवर आहे. माजघर आणि मागच्या खोलीत दार समोरासमोर असेल तर शक्यता चांगली. मध्ये देवघर किंवा कोठीची खोली असेल तर मी त्या भरवशावर राहणार नाही.

समजा नाही भागलं. मग मागच्या खोलीपर्यंत केबल न्यायची आणि तिथे दुसरा डबा फक्त वायफाय सोडायला लावायचा, म्हणजे अॅक्सेस पॉइंट म्हणून. बिनकेबलचा रिपीटर विकणारे भेटतील. पण ज्या भिंतीतून तुमच्या फोनला सिग्नल मिळत नाही, तिथून तो रिपीटरला तरी कुठून मिळणार? शिवाय एकाच बँडवर, म्हणजे २.४ वर किंवा ५ वर, ऐकायचं आणि तेच पुढे पाठवायचं म्हणजे स्पीड निम्मा होतो. घरातल्या घरात कॅट ६ केबल वाशांच्या कडेने न्यायला अर्धा दिवस लागतो. पत्र्याखालून किंवा बाहेरून न्यायची तर काळ्या वेष्टनाची आउटडोअर केबल घ्या, आतली केबल कोकणातल्या उन्हापावसात टिकत नाही.

या जागेवर जुना सी७ शोभतो. त्याच्या ‘एसी१७५०’ या नावातला १७५० हा आकडा दोन बँडच्या एमबीपीएसची बेरीज आहे, २.४ चे ४५० आणि ५ चे १३००. ते १३०० तीन स्ट्रीमवर, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन प्रवाहांवर, मिळतात आणि फोनमध्ये सहसा दोनच स्ट्रीम असतात, म्हणजे जोडणी फार तर ८६७ वर होते. प्रत्यक्षात त्याच खोलीत तीन-चारशे मिळाले तरी पुष्कळ. तुमची लाइन १०० ची आहे, तेव्हा वायफाय ६ चा नवा डबा लावला तरी मागच्या खोलीत एका एमबीपीएसचाही फरक दिसणार नाही. घरात वीस-पंचवीस उपकरणं एकाच वेळी चालू असती तर मी वेगळं बोललो असतो. पुढे ३०० चा प्लॅन घ्यायचा विचार असला तरी सी७ ची सगळी पोर्ट्स गिगाबिटची आहेत, त्यामुळे तिथे अडत नाही.

गिगाबिटचा मुद्दा मुद्दाम काढला, कारण जुन्या बाजारात यातच माणूस फसतो. बॉक्सवर एसी१२०० छापलंय म्हणजे भारी, असं समजून लोक आर्चर सी५० उचलतात. त्याची सगळी पोर्ट्स १०० एमबीपीएसची आहेत, म्हणजे तारेतून ९४-९५ च्या वर काही जात नाही. आर्चर सी६ ही एसी१२००च, पण त्याची पोर्ट्स गिगाबिटची. तुमच्या आजच्या लाइनला सी५० सुद्धा पुरेल, फक्त किंमत त्याच्या हिशेबाने द्यायची.

आता जोडणी. जुन्या सी७ च्या मेनूत ‘अॅक्सेस पॉइंट मोड’ नसला तरी हाताने करता येतं. आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदला, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२, म्हणजे ओएनयूच्या पत्त्याशी टक्कर होणार नाही. ओएनयू आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या यादीत हा आकडा येत नाही ना, ते पाहून घ्या. मग सी७ चं डीएचसीपी, म्हणजे पत्ते आपोआप वाटायचं काम, बंद करा. आणि ओएनयूकडून आलेली केबल सी७ च्या पिवळ्या लॅन पोर्टमध्ये लावा, निळ्या वॅन पोर्टमध्ये नको. निळं पोर्ट रिकामंच राहतं. वायफायचं नाव आणि पासवर्ड ओएनयूचेच द्या, सुरक्षा डब्ल्यूपीए२ एईएस ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून बिनपासवर्ड जोडायची सोय) बंद करा. २.४ वर ओएनयू चॅनेल १ वर असेल तर सी७ ला ११ द्या. फोन कधीकधी जुन्या डब्याला चिकटून राहतो, खोली बदलल्यावर वायफाय एकदा बंद-चालू केलं की सुटतो.

केबल निळ्या पोर्टमध्ये का नको? तिथे लावली तर सी७ पुन्हा स्वतःचं वेगळं जाळं उभं करतो. नेट चालतं, पण मागच्या खोलीतून पुढच्या खोलीतला प्रिंटर दिसत नाही, टीव्हीवर फोनचं चित्र टाकता येत नाही, आणि दुरुस्तीला येणाऱ्याला काय चाललंय ते कळायला तासभर जातो. कोणीतरी ‘बसवून दिलेले’ असे राउटर मला सारखे भेटतात.

सुरक्षेचं बोलू, कारण माझा नकार येतो तो इथून. राउटरमध्ये सॉफ्टवेअर असतं, त्यात भोकं सापडतात, आणि ती बुजवायला कंपनी फर्मवेअरचे, म्हणजे याच सॉफ्टवेअरचे, अपडेट देते. काही वर्षांनी ते थांबतात. डबा चालूच राहतो, दिवे लुकलुकतात, म्हणून वापरणाऱ्याला काही कळत नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला तो याच गोष्टीचा. अपडेट बंद झालेले जुने राउटर, त्यात बरेचसे लिंकसिसचे, गुन्हेगार ताब्यात घेतात आणि त्यांच्यामागे लपून स्वतःचे धंदे करतात. तुमच्या सी७ चंही नाव या भानगडीत आलेलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्याच सायबर सुरक्षा संस्थेने, सीसाने, आर्चर सी७ ची दुसरी आवृत्ती आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारा टीएल-डब्ल्यूआर८४१एन यांच्यातलं एक भोक प्रत्यक्ष वापरात असलेल्या त्रुटींच्या यादीत टाकलं. पॅरेंटल कंट्रोलच्या पानातून घुसता येतं असं ते आहे. या मॉडेलांचा सपोर्ट संपलेला असूनही टीपी-लिंकने त्यावर अपडेट काढलं, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दर वेळी काढतीलच असं मात्र धरून चालू नका.

असा डबा लाइनच्या तोंडावर असेल आणि कोणी त्याच्यामागे लपून फसवणूक केली, तर आयपी पत्ता तुमच्या कनेक्शनचा निघतो, आणि चौकशी ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्याकडे येते. आपल्या सर्ट-इनने, म्हणजे सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने, २०१७ साली सायबर स्वच्छता केंद्र काढलं ते अशी बाधित उपकरणं हुडकून लोकांना कळवायलाच. ओएनयूच्या मागे बसवलेला सी७ बाहेरून थेट दिसत नाही, म्हणून तिथे मी तो चालवून घेतो. धोका शून्य होतो असं नाही. घरातल्या एखाद्या संगणकात व्हायरस आला तर तो आतून राउटरवर हात टाकू शकतो. म्हणून अॅडमिनचा पासवर्ड ‘अॅडमिन’ ठेवू नका आणि रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग्ज बदलायची सोय) बंदच असू द्या.

जुना राउटर घरी आणल्यावर नुसता रिसेट करून भागत नाही. मागचं बटण दहा सेकंद दाबलं की आधीच्या मालकाची सेटिंग्ज पुसली जातात, फर्मवेअर मात्र आहे तेच राहतं. राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवर ‘व्हर्जन’ पाहा, कंपनीच्या साइटवरून नेमक्या त्याच आवृत्तीचं आणि त्याच प्रदेशाचं शेवटचं फर्मवेअर उतरवा, केबलने जोडून चढवा, मग पुन्हा रिसेट करा. वायफायवरून फर्मवेअर चढवायला जाऊ नका आणि लाइट जायच्या वेळेत तर अजिबात नाही. अर्ध्यात वीज गेली तर राउटरची वीट होते, म्हणजे तो चालूच होत नाही. हातात कसब असेल तर ओपनडब्ल्यूआरटी हे मोकळं फर्मवेअर सी७ वर छान चालतं आणि त्याचे अपडेट अजून येतात. अपवाद पहिल्या आवृत्तीचा. तिच्या ५ गिगाहर्ट्झच्या चिपला ते चालत नाही. ओपनडब्ल्यूआरटी घातल्यावर राउटर म्हणून सी७ चा वेग बराच उतरतो, पण अॅक्सेस पॉइंट म्हणून वापरताना त्याने काही बिघडत नाही.

तेव्हा मुंबईकरांना पहिला प्रश्न विचारा की स्टिकरवर व्हर्जन काय लिहिलंय? स्टिकरचा फोटो मागवा. १ असेल तर सोडून द्या. २ किंवा पुढची असेल तर बोलणी चालू ठेवा.

दुसरा फोटो पोर्ट्सचा मागवा, टॉर्च मारून काढलेला. आत सोनेरी पत्त्या दिसतात त्या चकचकीत हव्यात. खाऱ्या हवेत राहिलेल्या राउटरच्या पत्त्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, आणि मग गंमत अशी होते की पोर्ट मरत नाही, हळू होतं. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. बाकीच्या दोन जोड्यांतल्या एका पत्तीचा संपर्क गेला की राउटर बहुधा निमूटपणे १०० वर उतरतो, दिवा तसाच पेटलेला. हे पकडायला लॅपटॉप लावून विंडोजच्या इथरनेट स्टेटसमध्ये स्पीड पाहायचा. १.० जीबीपीएस दिसायला हवं, अर्थात लॅपटॉपचं पोर्ट आणि केबल गिगाबिटची असतील तर. एकेक करून सगळ्या पिवळ्या पोर्ट्सवर हेच पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

निळं पोर्ट मेलेलं असण्याची शक्यता धरून चाला. वळवाच्या विजांनी सगळ्यात आधी तेच जातं, विशेषतः पूर्वी जिथे ऑपरेटरची तांब्याची केबल एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर ओढलेली असायची तिथे. बाकी राउटर धडधाकट असतो आणि मालक ‘नेट पकडत नाही’ म्हणून विकायला काढतो. तुम्हाला निळं पोर्ट लागणारच नाहीये, त्यामुळे ते मेलेलं निघालं तर तोटा त्यांचा. दोन-अडीचशे खुशाल कमी करून मागा. हाच धडा तुमच्या घरालाही लागू आहे. गोठ्यात किंवा शेजारच्या घरात नेट न्यायचं असेल तर दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल ओढू नका, फायबर ओढा. काचेतून वीज येत नाही.

आणि अॅडॉप्टर. जुना राउटर मधूनच बंद होऊन चालू होतो त्यात निम्म्या वेळा राउटर निर्दोष असतो, अॅडॉप्टरमधला कपॅसिटर फुगलेला असतो. सी७ ला १२ व्होल्ट लागतात, अँपिअर आवृत्तीनुसार दोन-अडीच, नेमका आकडा स्टिकरवर असतो. मूळ अॅडॉप्टर नसेल तर किमतीत तेवढे वजा करा. बाजारातला दीडशेचा बिननावाचा अॅडॉप्टर घेऊ नका. आपल्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून राउटरचा मिनी यूपीएस तुमच्याकडे असेलच. तो बहुधा १२ व्होल्ट, दोन अँपिअरचा असतो. यूएसबीला काही लावलं नसेल तर सी७ त्यावर सहसा चालतो, पण ओएनयू आणि सी७ दोन्ही एकाच मिनी यूपीएसवर टाकू नका. लाइट गेल्यावर दोन्ही डबे चालू राहायला हवेत, नाहीतर मागच्या खोलीत वायफाय दिसत राहील आणि नेट नसेल. घरात इन्व्हर्टर असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या. हो, परत पाठवायची मुदत असेपर्यंत अॅडॉप्टरच्या फटीतून मुंग्या किंवा पालीची अंडी निघत नाहीत ना तेही पाहा. ऊबदार डबा पालींना फार आवडतो.

जुन्या बाजारात दोन वस्तू तर हातातही घेऊ नका. एक, कंपन्यांनी दिलेले फायबरचे डबे, म्हणजे ओएनटी-ओएनयू. ते कुलूपबंद असतात, ऑपरेटरच्या बाजूला त्यांचा सीरियल नंबर नोंदवलेला असतो, आणि पुष्कळदा ते विकणाऱ्याच्या मालकीचेही नसतात, डिपॉझिटवर दिलेले असतात. दुसरी वस्तू म्हणजे टेलिफोनच्या तारेवर चालणारे एडीएसएल मोडेम. फायबरला त्यांचा राउटर म्हणून काही उपयोग नाही. मात्र तसला एखादा वायफायवाला मोडेम किंवा डी-लिंकचा डीआयआर-६१५ तुमच्याच माळ्यावर पडून असेल, तर आधी तोच काढून वर सांगितल्याप्रमाणे मागच्या खोलीत लावून पाहा. २.४ वर तीस-चाळीस एमबीपीएस मिळाले तरी मुलीच्या व्हिडिओ कॉलला ते भरपूर झाले, आणि खर्च फक्त केबलचा. कोणी न्यू जर्सीहून राउटर आणून देतो म्हणालं तर अॅडॉप्टरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का आणि तो तिकडच्या कंपनीने बांधलेला नाही ना, एवढं विचारून घ्या.

राहिली किंमत. आवृत्ती २ किंवा पुढची, मूळ अॅडॉप्टर, सगळी पिवळी पोर्ट्स गिगाबिटवर आणि दोन्ही बँड चालू, असा सी७ असेल तर मी सहाशे-सातशे देईन. ९०० ला तोच राउटर वाईट नाही, पण मग नव्या सी६ पासून अंतर फक्त हजार-दीड हजारांचं उरतं, आणि नव्याला वॉरंटी असते, अपडेट येत राहतात. फर्मवेअर चढवणं, डीएचसीपी बंद करणं हे तुमच्या घरी कोणी करणारं नसेल आणि त्यासाठी माणूस बोलवावा लागणार असेल, तर त्याची मजुरी या ९०० मध्ये मिळवा. बेरीज नव्याच्या जवळ गेली की नवाच घ्या. मुलगी स्वतः करणार असेल तर सी७ आणा, पण पैसे देण्याआधी मुंबईत तो त्यांच्याच घरी रात्रभर चालू ठेवायला सांगा आणि सकाळी स्टेटसच्या पानावरचा ‘सिस्टिम अपटाइम’ फोटो काढून मागवा. रात्रभर चालू आहे असं सांगूनही तिथे तासाभराचाच आकडा दिसला, तर तो स्वतःहून बंद पडून चालू होतोय असं समजा. मग दुसऱ्या अॅडॉप्टरवर हीच चाचणी करायला सांगा.